गप्प बसता न येणारे मासे

मित्राच्या घरी काचेच्या टाकीत एक काळा मासा आहे. दुकानात तो 'ब्लॅक घोस्ट' या नावाने मिळतो. अंग चपटं, शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं, शेपटीवर दोन पांढरे पट्टे. पोटाखालून एकच लांबलचक पर, आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत हेलकावत असतो. मासा पुढे जातो, मागे येतो, जागच्या जागी थांबतो, पण अंग कधी वाकवत नाही. मित्राला जुनी यंत्रं उघडून बसण्याची हौस आहे. त्याने दोन वायरींची टोकं सोलली, टाकीच्या दोन कडांना पाण्यात सोडली आणि दुसरी टोकं एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. स्पीकरमधून बारीक, अखंड शिट्टी यायला लागली. मासा वायरीजवळ आला की ती मोठी व्हायची, वळला की पडायची. पट्टी मात्र हलत नव्हती. आम्ही खुळ्यासारखे ऐकत बसलो. एवढ्यात आतून त्याची आई म्हणाली, "अरे बंद कर ते, डोकं उठलं माझं." त्याने बटण दाबलं. खोली शांत झाली, पंपाचे बुडबुडे ऐकू यायला लागले. मला मात्र ते बटण काही केल्या डोक्यातून जाईना. बंद झाला होता तो स्पीकर. मासा चालूच होता.

तो कायमच चालू असतो. अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत अंगातून वीज सोडणं सुरू होतं आणि मरेपर्यंत थांबत नाही. झोपेत नाही, आजारपणात नाही. सेकंदाला हजाराच्या आसपास ठोके, आणि दोन ठोक्यांमधला फरक एक हजाराव्या भागाचाही नसतो. तो मायक्रोसेकंदाच्याही खाली असतो. सजीवांच्या शरीरात याहून काटेकोर घड्याळ सापडलेलं नाही. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका ताल धरतो आणि शेपटीकडचा विद्युत अवयव तो ताल पाण्यात सोडतो. बहुतेक विद्युत माशांत हा अवयव स्नायूंचाच बनलेला असतो, म्हणजे आकुंचन पावणं सोडून नुसती वीज सोडायला लागलेले स्नायू. ब्लॅक घोस्टच्या कुळाने त्यावरही ताण केली आहे. त्यांच्यात हे काम थेट मज्जातंतूच करतात. वीज अगदी नगण्य असते. टाकीत हात घातला तर बोटाला काही कळत नाही. शिकार लोळवणारी विद्युत ईल याच गोतावळ्यातली, पण ती वेगळीच असामी. हे बाकीचे मासे कोणाला इजा करण्याइतकी वीज बाळगतच नाहीत.

मग ती कशासाठी, हा प्रश्न बराच काळ अडून होता. डार्विनने 1859 साली विद्युत अवयवांना आपल्या सिद्धांतापुढची खास अडचण म्हटलं होतं. धक्का देणाऱ्या माशांचं तरी समजतं, पण इतक्या दुबळ्या विजेने काय साधतं? उत्तराचा धागा सापडला तो प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी जिम्नार्कस हा आफ्रिकी मासा पाहिला. तो उलटा, शेपटीकडून पोहत होता आणि वाटेतल्या कशालाही धडकत नव्हता. 1951 मध्ये लिसमन यांनी दाखवून दिलं की त्याच्या शेपटीतून अखंड विद्युत संकेत बाहेर पडत असतात. पुढे 1958 मध्ये त्यांनी आणि केनेथ मशिन यांनी या माशाला सच्छिद्र मातीच्या भांड्यांतला फरक ओळखायला शिकवलं. बाहेरून भांडी सारखीच, फरक फक्त आत काय आहे याचा. माशाला तो कळायचा. अंगाभोवती विजेचं एक क्षेत्र पसरलेलं असतं, त्यात दगड आला की ते एका तऱ्हेने विस्कटतं, किडा किंवा पाणवनस्पती आली की दुसऱ्या तऱ्हेने, आणि कातडीवर विखुरलेले हजारो संवेदक ही विस्कट वाचतात. अंग ताठ का ठेवायचं, तेही इथे उमगतं. स्वतःच वळवळत राहिलं तर क्षेत्रही सारखं हलणार आणि वाचायचं काय तेच कळेनासं होणार.

इथपर्यंत ठीक आहे, ही झाली गढूळ पाण्यातली नजर. पण तीच वीज शेजारच्या माशाच्या अंगावरही जाऊन पोचते. त्याच्याही कातडीवर संवेदक आहेत. आपण चाचपडत असतो तेव्हा त्याला आपण कोण, किती मोठे, नर की मादी, हे कळत असतं. आणि हा काही अपघाताने सांडलेला बोभाटा नाही. माणसाने डोळे उघडताच त्याचं नाव, वय आणि मनातलं सगळं मोठ्याने ऐकू यायला लागलं, तर माणसं काय करतील?

या माशांना बघणं थांबवल्याशिवाय बोलणं थांबवता येत नाही.

दोन मासे जवळ आले की काय होतं, हे स्पीकरवर फार छान ऐकू येतं. दोन तारा जवळजवळ जुळल्या आहेत पण पुरत्या नाहीत, अशा वेळी तानपुऱ्यात जी लाट फिरायला लागते, तीच इथे ऐकू येते. एकाची पट्टी 400 हर्ट्झ, दुसऱ्याची 404, तर सेकंदाला चार लाटा. वादकाला ही लाट मिटवायची असते. आयगेनमानिया या दक्षिण अमेरिकी माशाला ती नकोच असते, पण तो जुळवून घेत नाही, लांब जातो. इतक्या मंद लाटेने दोघांचीही नजर आंधळी होते, म्हणून ज्याची पट्टी किंचित वर असेल तो आणखी वर सरकतो, खालचा आणखी खाली. काही सेकंदांत दोघांमध्ये पुरेसं अंतर पडतं आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. 1963 मध्ये वातानाबे आणि ताकेदा यांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी अनेक वर्षं खर्चून शोधून काढलं की मासा यासाठी स्वतःच्या घड्याळाची मूळ नोंद वापरतच नाही. कातडीवर दोन्ही लहरींची जी सरमिसळ होते, ती शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर थोडी वेगवेगळी असते, आणि तेवढ्यावरून तो ठरवतो, वर जायचं की खाली. आपण वरचे की खालचे हे त्याला दुसऱ्याच्या संगतीतच कळतं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. माणसांबद्दल मुद्दाम काही म्हणत नाही.

नर-मादीची गोष्टही या पट्टीतूनच सुरू होते. कार्ल हॉपकिन्स यांनी गयानाच्या ओढ्यांमध्ये स्टर्नोपायगस या विद्युत माशावर काम केलं आणि 1972 मध्ये ते प्रसिद्ध केलं. या जातीत मोठ्या नराचा सूर खालचा, ढोबळमानाने 50 ते 90 हर्ट्झ, आणि मादीचा वरचा, 100 ते 150. दिवसा मंडळी कपारीत दडून असतात, रात्री बाहेर पडतात. नर आपल्या जागेवर एकसुरी गुणगुणत असतो. जवळून मादी गेली की ती गुणगुण मोडते. मध्येच तुटते, मध्येच उसळते, पुन्हा तुटते. दुसरा नर गेला तर असं काही नाही. हॉपकिन्स यांनी मग पाण्यात विद्युतअग्र सोडून नुसता मादीच्या पट्टीतला कृत्रिम सूर वाजवला. ना मादी, ना तिचा आकार, ना वास. नर त्या वायरीला उत्तर देऊ लागला. प्रयोग म्हणून हा फार नेटका आहे, कारण इतर कशाचीही गरज नाही हे त्यातून एका झटक्यात सिद्ध होतं. पण मला त्या नराची दयाही येते. कपारीतून बाहेर डोकावून, जन्मभर जपलेला सूर मोडून तो एका तांब्याच्या टोकाशी बोलत होता.

आयगेनमानियात तर याच्या पुढची पायरी आहे. हे मासे पावसाळ्यात वितात, म्हणून प्रयोगशाळेत आधी त्यांच्यासाठी पावसाळा घडवावा लागतो. पाण्याची पातळी हळूहळू वाढवायची, वरून पाणी शिंपडत राहायचं आणि पाण्यातले क्षार कमी करत न्यायचे. फ्रँक किर्शबाउम यांनी हे तंत्र बसवलं. काही आठवड्यांत माद्या अंड्यांनी फुगतात. मग रात्री सुरू होते ती नराची चिवचिव. शास्त्रज्ञ त्याला चर्पच म्हणतात, आणि स्पीकरवर ऐकलं तर दुसरा शब्द सुचणारही नाही. अखंड सुरात मध्येच क्षणभराची खोट, लगेच पूर्ववत. कळपातला वरचढ नर रात्रभर, तासन् तास हे करत राहतो. पहाटेकडे मादी अंडी घालते. मेरी हेगडॉर्न आणि हायलिगेनबर्ग यांनी 1985 मध्ये आणखी पुढचं दाखवलं: पूर्ण वाढलेल्या अंड्यांची मादी एकटी ठेवली आणि तिला चिवचिवाटाचा नुसता विद्युत संकेत ऐकवला, तरी ती अंडी घालते. नर तिथे नसतानाही. मला हे वाचून एकाच वेळी आनंद आणि वैताग असं दोन्ही झालं. आनंद अशासाठी की नराची ती रात्रभराची बडबड म्हणजे दिखावा नव्हे, ती मादीच्या शरीरात खरोखर काहीतरी उघडते. वैताग का, ते नीट सांगता येत नाही. अंडी वाया गेली म्हणून असेल.

प्रयोगशाळेबाहेर हे कसं दिसतं, हे अलीकडेपर्यंत कोणी नीट पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? रात्र, ओढा, काठावरच्या मुळांचं जाळं. पनामातल्या दारिएन भागात एका चमूने ओढ्याच्या पाण्यात विद्युतअग्रांची जाळीच उभी केली आणि ब्लॅक घोस्टच्या एका भाऊबंदाचं रात्रीचं सगळं बोलणं टिपून घेतलं. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. नर-मादी एकमेकांशेजारी असतात, नर छोट्या छोट्या चर्पांची रांग लावतो, मादी मधूनच एक लांब चर्प देते आणि नर त्याला लगेच उत्तर देतो. ती लांब खूण बहुधा अंडी सोडण्याचा क्षण सांगते. इतक्यात तिसरा येतो, दुसरा नर. पहिला नर मादीला तिथेच सोडून त्याच्या अंगावर धावून जातो, हाकलतो आणि परत येऊन चर्प सुरू करतो. यातली मेख अंतराची आहे. या माशांचा संकेत अंतराच्या घनाच्या हिशेबाने विरतो, अंतर दुप्पट झालं की जोर आठवा हिस्सा उरतो. तरी तो आगंतुक नर मीटरभराहून लांब असताना यजमानाला कळत होता, आणि तेही शेजारी मादीचा प्रचंड मोठा संकेत चालू असताना. हजार प्रयोगशाळांतल्या टाक्यांना हे दिसलं नसतं. टाकीत इतकं लांब कोणाला जाताच येत नाही.

आफ्रिकेतल्या नद्यांमधले मॉर्मिरिड मासे नात्याने या दक्षिण अमेरिकी माशांचे कोणी लागत नाहीत. त्यांनी वीज स्वतंत्रपणे कमावली. गंमत म्हणजे दोन्हीकडे स्नायूतल्या सोडियम-वाहिनीच्या (पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या दाराच्या) एकाच जनुकाची जादा प्रत या कामाला जुंपली गेली. हे मासे गुणगुणत नाहीत, टकटक करतात. अगदी त्रोटक स्पंद, मग विराम, पुन्हा स्पंद. बोलायचं ते विरामांच्या लयीतून, आणि आपली ओळख मात्र प्रत्येक स्पंदाच्या घाटातून. त्यांना गप्प बसता येतं. दबलेला मासा वरचढाजवळ चक्क थांबतो. काही जातींत विणीच्या हंगामात नराचा स्पंद मादीच्या दोन-तीन पट लांब होतो. अँड्र्यू बास आणि हॉपकिन्स यांनी 1983 मध्ये दाखवलं की मादीला नराचं संप्रेरक दिलं तर तिचाही स्पंद तसाच लांबतो. पॉलिमायरस जातीचा नर तर विजेवर न थांबता खराखुरा आवाजही काढतो, घरटं बांधतो आणि रात्री त्याच्याजवळ कण्हत, गुरगुरत मादीला बोलावतो.

मला यांच्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्याचे स्पंद ऐकायला यांच्या कातडीत खास संवेदक असतात. स्वतःचा स्पंद सुटला की ते संवेदकही दणाणणार, हे उघड आहे. म्हणून मेंदू स्पंदाचा हुकूम सोडताना त्याच हुकमाची एक प्रत ऐकण्याच्या केंद्राकडे पाठवतो आणि तेवढ्या एका क्षणापुरतं ते केंद्र बंद होतं. स्वतःचं बोलणं तिथे पोचतच नाही. पोचतात ते फक्त इतर. शेपटीकडच्या अवयवापासून कातडीपर्यंतचा तो मिलिसेकंदांचा हिशेब इतका पक्का असतो की आपलं आणि परकं यात गल्लत होत नाही. हे सगळं सांभाळायला मेंदूही तसाच लागतो. हत्तीसारखी सोंड असलेल्या पीटर्स माशाच्या मेंदूला शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे 60 टक्के लागतो. माणसाच्या मेंदूचा वाटा साधारण 20 टक्के.

आता धोका. पाण्यात संवेदक फक्त या माशांकडे नाहीत. मागूर आणि त्याच्या भाईबंदांनाही विजेची चाहूल लागते, ती खालच्या वारंवारतेची. लांब स्पंद म्हणजे नेमकी खालची वारंवारता. आफ्रिकी मागूर मार्कुसेनियस या मॉर्मिरिड जातीच्या नरांचे लांबलेले स्पंद टिपतो, मादीचे त्रोटक स्पंद त्याला जवळपास ऐकूच येत नाहीत. आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीच्या खोऱ्यात मागुरांच्या झुंडी याच माशांवर तुटून पडतात. म्हणजे मादीला भुलवणारी गोष्ट आणि मागुराला वाट दाखवणारी गोष्ट एकच. दक्षिण अमेरिकेत यावर एक पळवाट निघालेली दिसते. फिलिप स्टोडर्ड यांनी 1999 मध्ये मांडलं की तिथल्या काही माशांचा स्पंद एकाऐवजी दोन उलटसुलट टप्प्यांचा झाला, तो शिकाऱ्यांमुळे. दुसरा टप्पा पहिल्याची खालची वारंवारता पुसून टाकतो. सुरुवात लपण्यापासून झाली. मग नरांनी तोच दुसरा टप्पा लांबवून मिरवायला घेतला! जे कवच म्हणून आलं ते दागिना झालं, आणि दागिन्याने कवचाला भोक पाडलं.

हा दागिना स्वस्तातलाही नाही. ब्रॅकिहायपोपोमस या बोटाएवढ्या माशाच्या नराला संकेतावर दिवसाच्या ऊर्जेपैकी 11 ते 22 टक्के घालवावी लागते, मादीला जेमतेम 3 टक्के. म्हणून नर काटकसर करतो. उजाडलं की संकेत उतरवतो, अंधार पडला की चढवतो. एकटा ठेवला तर काही दिवसांत त्याचा सगळा बडेजाव ओसरतो आणि दुसरा नर शेजारी आणला की पुन्हा चढतो. अंधारात मादी मोठा नर निवडते, आणि मोठेपणा तिला विजेच्या जोरावरूनच कळतो. यात थापा मारता येतील का, हा प्रश्न संशोधकांनाही पडला. जोर अंगाच्या मापाशी बांधलेला निघाला आणि स्पंदाची लांबी रक्तातल्या संप्रेरकाशी. थोडं ताणता येतं, पण फार नाही. तरी नर ताणतातच.

आफ्रिकेत गॅबनमधल्या इविंदो नदीत स्पंद सोडणाऱ्या मॉर्मिरिड माशांच्या वीसेक जाती एकत्र राहतात आणि त्यातल्या कित्येक दिसायला इतक्या सारख्या की हातात घेऊन सांगता येत नाही. स्पंदाचा आलेख काढला की प्रत्येकीचा घाट निराळा. 1981 मध्ये हॉपकिन्स आणि बास यांनी तिथल्या नरांना मादीचा स्पंद ऐकवला, तेव्हा ते खुशीत येऊन भराभर टकटकले. तोच स्पंद उलटा करून ऐकवला तर भाव देईनात. तीच वारंवारता, तितकीच ऊर्जा, फक्त आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. त्यामुळे इथे नवी जात नोंदवायची तर मासा अल्कोहोलच्या बाटलीत घालण्याआधी, जिवंत असताना, त्याचा स्पंद टिपून घ्यावा लागतो आणि ती नोंद बाटलीच्या क्रमांकाला जोडावी लागते. नुसती बाटली वर्गीकरणवाल्यांना पर आणि खवले मोजायला उपयोगी पडते. त्या जातीच्या मादीसमोर मात्र शंभर बाटल्या मांडल्या तरी तिला त्यातला आपला कोण ते सांगता येणार नाही, आणि मला वाटतं, ती विचारायलाही जाणार नाही.